सैनिकाच्या अंगावरची वीज: एक वॅट म्हणजे अर्धा किलो

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलाने विचारलंय की आम्ही चौघं मिळून सैनिकासाठी जॅकेट बनवतोय, पाठीवर फ्लेक्सिबल सोलर, बुटात पिझो (दाबलं की वीज देणारा पदार्थ), आतल्या बाजूला अंगाच्या उष्णतेवर चालणारं थर्मोइलेक्ट्रिक, आणि या तिन्हीवर रेडिओ, जीपीएस, फोन सगळं चालावं, बॅटरी लागली तरी नावापुरती. हे होईल का, आणि नाही तर सुरुवात कुठून करायची.

मी बॅटरी पॅक आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचंच काम करते म्हणून आधी उत्तर सांगून टाकते: बॅटरी लागणारच, आणि तीच मुख्य राहणार. पण म्हणून तुमचा विषय वाया जात नाही, उलट खरं काम जिथे आहे तिथे फार कमी पोरं हात घालतात. नीट वाच, थोडं लांबेल.

पहिल्यांदा कागद घे आणि सोलरचं नाव न काढता फक्त खर्च लिही. हातातला रेडिओ बघ, ५ वॅट आउटपुटचा सेट ट्रान्समिट करताना बॅटरीतून साधारण १५ वॅट ओढतो, ऐकताना दीड, नुसता चालू असताना पाऊण-एक वॅट. रेडिओवाले जुन्या काळापासून ८:१:१ असं प्रमाण धरतात, म्हणजे दहा मिनिटांत आठ मिनिटं नुसता चालू, एक मिनिट ऐकणं, एक मिनिट बोलणं. याची सरासरी काढली की सव्वादोन ते अडीच वॅट येते. मॅपवाला फोन स्क्रीन चालू असली की ३ वॅट खातो, बंद असली की फारच थोडं, तर वापराप्रमाणे एक-दीड वॅट धर. मग जीपीएस, कॅमेरा, लेझर, हेडसेट, आणि हे सगळं जोडणारा हब, त्याचा स्वतःचाही खर्च असतो. सगळं मिळून ६ वॅटच्या आसपास जातं. तीन दिवसाची मोहीम म्हणजे ७२ तास, ६ गुणिले ७२ म्हणजे ४३२ वॉट-अवर (एक वॅट तासभर चालला की एक वॉट-अवर).

आता वजन. चांगला १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब असा दंडगोल लिथियम सेल) ४८ ग्रॅमचा, साडेबारा वॉट-अवरचा, म्हणजे किलोला २६० वगैरे, हे डेटाशीटवर बघून सगळे खूष होतात. पण सेल म्हणजे पॅक नव्हे. बाहेरचं आवरण, बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट), कनेक्टर, वॉटरप्रूफिंग, आपटलं तरी तुटू नये म्हणून लागणारं सगळं धरलं की अंगावर घालायचा खरा पॅक किलोला १३० च्या आसपास येतो. म्हणजे ४३२ ला सव्वातीन किलो. यातूनच एक हिशोब निघतो तो भिंतीवर लिहून ठेवा: ७२ तासांसाठी सरासरी १ वॅट म्हणजे ७२ वॉट-अवर, म्हणजे अर्धा किलोहून जास्त वजन. तुमच्या हबने काही न करता नुसता अर्धा वॅट खाल्ला तरी सैनिक पाव किलो फक्त तुमच्या हबसाठी वाहतोय. माझ्यापुरतं सांगायचं तर या क्षेत्रातला सगळ्यात स्वस्त जनरेटर म्हणजे वाचवलेला वॅट, आणि याच गोष्टीवर सगळ्यात कमी मेहनत घेतली जाते.

आता तुमच्या तिन्ही गोष्टी या हिशोबात घालून बघू.

बुटातलं पिझो. एमआयटी मीडिया लॅबने यावर नीट काम केलं होतं, २००१ मध्ये छापून आलेले त्यांचे आकडे आहेत, चालताना टाचेखालच्या पीझेडटीतून (पिझो सिरॅमिक) सरासरी ८ मिलिवॅटच्या थोडं वर, आणि पीव्हीडीएफच्या (पिझो प्लास्टिक) पट्टीतून सव्वा मिलिवॅटच्या आसपास. एका साध्या एए सेलमध्ये ३ वॉट-अवर असतात. ८ मिलिवॅटने तेवढी वीज जमवायला पावणेचारशे तास चालावं लागेल, तेही मधे काही वाया न जाता. सेन्सरसाठी, एखाद्या बीकनसाठी ठीक आहे, रेडिओसाठी नाही. थर्मोइलेक्ट्रिकचीही तीच गत, अंग ३४ डिग्री आणि बाहेर २५ डिग्री एवढ्याशा फरकावर मिलिवॅटच्या पुढे फार जाता येत नाही, आणि सैनिकाने वरून जाड कोट घातला की तोही फरक गेला. हे दोन्ही सरळ काढून टाका.

गुडघ्यावर लावायचा जनरेटर तुम्ही विचारला नाहीये पण परीक्षक विचारतील. कॅनडातल्या सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीच्या मॅक्स डोनेलन यांच्या टीमने २००८ मध्ये दाखवला. पाय पुढे टाकून झाला की मांडीमागचे स्नायू त्याला ब्रेक लावतात, तेवढ्या क्षणालाच जनरेटर चालू होतो, त्यामुळे माणसाला जास्तीची मेहनत फार कमी पडते. डोकं खरंच मोठं लावलंय. दोन्ही पायांतून मिळून ४.८ वॅट. पण वजन दर पायाला १.६ किलो, म्हणजे ३.२ किलो. तेवढ्याच वजनाची बॅटरी चारशेच्या वर वॉट-अवर देते. सैनिक दिवसाला ८ तास चालला तर गुडघ्यातून ३८ मिळतात, म्हणजे बरोबरी व्हायलाच अकरा दिवस. आणि कंबरेवर बांधलेला किलो आणि पायाला बांधलेला किलो माणसाला सारखा पडत नाही, पायाचा फार जास्त दमवतो. नंतर आलेली यंत्रं यापेक्षा हलकी आणि जास्त वॅटची आहेत, तरी हिशोबाची पद्धत हीच ठेवायची: इतक्या वजनाच्या बॅटरीशी बरोबरी कितव्या दिवशी होते? तो दिवस मोहिमेच्या बाहेर पडत असेल तर विषय संपला.

सोलर मात्र काढू नका, फक्त जॅकेटवरून काढा. पाठीवर फार तर ३० बाय ३३ सेंटिमीटर जागा मिळते, १५ टक्के एफिशियन्सी धरली तर भर दुपारी ऊन अगदी सरळ पडलं तर १५ वॅट. पण माणूस उभा असतो आणि दुपारचं ऊन डोक्यावरून येतं, आणि पाठीवर तर रकसॅक असते, पॅनेल तिच्याखाली! शिवाय पॅनेल चमकतं, आणि लपून राहणं ज्याचं काम आहे त्याच्या पाठीवर चमकणारी गोष्ट आपण लावायची नाही. घडी करून नेता येणारं पॅनेल, मुक्कामाला अंथरायचं, ते मात्र कामाचं आहे. अमेरिकन मरीन्सच्या पाचव्या रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी २०१० मध्ये अफगाणिस्तानात हेल्मंदमधल्या सांगीनला अशी घडीची पॅनेल घेऊन गेली होती आणि त्यांना गस्तीवर लागणाऱ्या बॅटऱ्यांचं ओझं त्याने खरंच कमी झालं. ६० वॅटचं पॅनेल, प्रत्यक्षात ४० धर, ऊन चांगलं मिळालं तर चार-साडेचार तासांत १६०-१८० वॉट-अवर, हा एका पूर्ण पॅकचा चार्ज झाला. म्हणजे सोलर अंगावर घालायचं नसतं, सोबत न्यायचं असतं.

आता ही गोष्ट आत्तापर्यंत कशी आली ते थोडं सांगते कारण त्यातच तुमचं काम लपलंय. अमेरिकन आर्मीकडून नेहमी दिला जाणारा आकडा असा की अफगाणिस्तानात ७२ तासांच्या मोहिमेला एक सैनिक सत्तरच्या आसपास बॅटऱ्या नेत होता, सात वेगवेगळ्या प्रकारच्या, वजन १६ पौंड म्हणजे सव्वासात किलो. इतकी वर्षं त्यांच्या रेडिओचा आधार होती बीए-५५९०, लिथियम सल्फर डायऑक्साइडची, एकदाच वापरायची, किलोभर वजनाची वीट. थंडीत जबरदस्त चालते. २००३ च्या इराक युद्धात या बॅटरीचा तुटवडा पडला होता आणि नंतरच्या सरकारी तपासणीत तिचं नाव तुटवड्याच्या यादीत आलं.

या बॅटरीची एक खोड बघ. हिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला सपाट व्होल्टेज आवडतो, पण सैनिकाला मीटर लावून बघितलं तरी कळत नाही की आत ऐंशी टक्के उरलंय का दहा. मग तो काय करणार, गस्तीला निघताना वापरलेली बॅटरी काढून नवी घालणार, मी असते तर मीही तेच केलं असतं, मधेच रेडिओ बंद पडला तर जीव जातो. अर्ध्या भरलेल्या बॅटऱ्या फेकल्या जायच्या त्या यामुळे. नंतरच्या आवृत्त्यांना चार्ज दाखवणारा इंडिकेटर आला. माझं स्पष्ट मत आहे की सैनिकाच्या पाठीवरच्या वजनात बराचसा भाग विजेचा नसतो, अविश्वासाचा असतो. दोन जास्तीच्या बॅटऱ्या तो घेतो त्या वापरायला नाही, पहिलीवर भरवसा नाही म्हणून.

म्हणून आजची जी कॉन्फॉर्मल वेअरेबल, म्हणजे अंगाच्या आकाराप्रमाणे वाकणारी, बॅटरी आहे तिच्यातली केमिस्ट्री लिथियम आयनचीच, आपल्या फोनला असते तशीच, पण तिने दोन वेगळ्या गोष्टी केल्या. एक म्हणजे आकार. आधीची चार्ज होणारी बीबी-२५९० ही १.४ किलोची, सहा सेंटिमीटरहून जाड वीट, ती अंगावर कुठे लावणार? ही साधारण २२ बाय १९ सेंटिमीटर, जाडी पावणेदोन-दोन सेंटिमीटर, सेल छोट्या छोट्या कप्प्यांत आणि मधे लवचिक सर्किट, त्यामुळे छातीला किंवा कुशीला लागून वाकते, आर्मर प्लेटसोबत बसते, आडवं पडून नेम धरताना टोचत नाही. १५० वॉट-अवरच्या आसपास, वजन किलोहून थोडं जास्त. दुसरी गोष्ट, आत फ्युएल गेज आहे आणि तो एसएमबसवरून (बॅटरीची माहिती नेणारी डेटा लाइन) हबला सांगतो की किती उरलंय आणि आत्ताच्या लोडवर किती मिनिटं जाईल. टक्के नाही, मिनिटं. हे लक्षात ठेव, थकलेल्या माणसाला टक्क्यांचं गणित करायला लावायचं नाही. एक मोठी बॅटरी मधे, तिच्यातून सगळ्या उपकरणांना वायर, आणि प्रत्येक उपकरणाची छोटी बॅटरी फक्त आधाराला. सात प्रकारांचा एक प्रकार होतो, आणि मला तर वजनापेक्षा हाच फायदा मोठा वाटतो.

पण सगळं एका ठिकाणी आणलं की केबल येते, आणि तुमचा प्रोजेक्ट कुठे मरणार असेल तर केबलपाशी मरणार.

हे जरा बारकाईने सांगते. हबमध्ये डीसी-डीसी कन्व्हर्टर असणार, १४.८ व्होल्टवरून ५ व्होल्ट वगैरे. समजा तो ४०० किलोहर्ट्झवर स्विच होतो, म्हणजे सेकंदाला चार लाख वेळा चालू-बंद. त्याचे हार्मोनिक, म्हणजे त्याच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी, दर ०.४ मेगाहर्ट्झला येत राहतात, आणि स्विचिंगच्या कडा जितक्या तीव्र तितके ते लांबपर्यंत टिकतात. पंचाहत्तरावा हार्मोनिक बरोबर ३० मेगाहर्ट्झवर पडतो, आणि लष्करी व्हीएचएफ रेडिओ ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्येच चालतात. त्यात हबपासून खांद्यापर्यंत जाणारी केबल ८०-८५ सेंटिमीटरची, आणि ८८ मेगाहर्ट्झचा पाव तरंग होतो ८५ सेंटिमीटर, एवढ्या लांबीची तार चांगली अँटेना होते. म्हणजे न ठरवता तुम्ही रेडिओच्या अँटेनाशेजारी दुसरी अँटेना लावून तिच्यात आवाज, म्हणजे विजेची खरखर, सोडताय. रेडिओ बंद पडत नाही, तेच वाईट आहे, फक्त लांबचं स्टेशन ऐकू येईनासं होतं आणि कोणालाच कारण कळत नाही, सगळे डोंगराला दोष देतात. तपासायची सोपी रीत: रेडिओ त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालू ठेव, एक कमजोर सिग्नल लाव, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारं बटण) उघडा ठेव, आणि हबचा लोड चालू-बंद कर. खरखर वाढली की सापडलं. मग शिल्डवाली केबल, शिल्ड दोन्ही टोकांना कनेक्टरच्या धातूला गोल फिरवून पूर्ण जोडलेलं, एका तारेने शेपटी काढून नाही. कॉमन मोड चोक (केबलवरचा नको तो आवाज अडवणारी कॉइल) कनेक्टरच्या अगदी तोंडाशी, बोर्डच्या मधे नाही. फ्रिक्वेन्सी स्प्रेड करणारी चिप वापरली की मोजणीत आकडा छान दिसतो पण आवाज पसरतो फक्त, नाहीसा होत नाही. प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर थोडा थोडा असणं हे रेडिओवाल्याला कधी कधी जास्त त्रासाचं.

कनेक्टर कॉलेजच्या प्रोजेक्टला सगळे यूएसबी लावतात. टेबलावर चालेल, पण एकदा चिखलात बुडवून, हातात जाड ग्लोव्ह घालून, डोळे मिटून लावून बघ. लष्करी वेस्टवर गोल पुश-पुल कनेक्टर असतात ते याचसाठी, बोटाला खाच लागली की दिशा कळते, उलटा लागतच नाही. आणि हेल्मेटकडे जाणारी केबल ठरावीक ताणाला सुटलीच पाहिजे, गाडीतून उडी मारताना केबल कुठे अडकली आणि सुटली नाही तर मान जाते. स्प्रिंग बॅलन्स घेऊन किती किलोला सुटते ते मोजा आणि रिपोर्टमध्ये टाका. हा आकडा फार कोणी देत नाही.

थंडीचा मुद्दा आपल्याकडे जास्त मोठा आहे, लडाख-सियाचीन आपलेच. लिथियम आयन उणे २० ला बऱ्यापैकी कमी देते, पण देते तरी. खरा धोका चार्जिंगचा आहे. शून्याखाली चार्ज केलं की लिथियम अॅनोडमध्ये शिरण्याऐवजी वर धातू म्हणून साचतं, कपॅसिटी कायमची जाते आणि पुढे आतून शॉर्ट होण्याची भीती. लडाखमध्ये सकाळी ऊन लख्ख असतं, पॅनेलही थंडीमुळे उलट जास्त व्होल्टेज देतं, आणि बॅटरी उणे १५ ला असल्यामुळे घेऊ शकत नाही. बीएमएसने एनटीसी (तापमान मोजणारा सेन्सर) बघून चार्जिंगला नाही म्हणायलाच हवं. आणि इथेच अंगावर घालायच्या बॅटरीचा मोठा फायदा आहे जो जाहिरातीत फार येत नाही: कोटाच्या आत, अंगाला लागून ठेवली की शरीर तिला गरम ठेवतं. तुमच्या थर्मोइलेक्ट्रिकवाल्या डोक्याला इथे काम आहे बघ, अंगाच्या उष्णतेतून वीज काढण्यापेक्षा त्याच उष्णतेने बॅटरी गरम ठेवा, त्यातून कितीतरी जास्त वॉट-अवर हाती लागतात.

फ्युएल सेलबद्दल, म्हणजे इंधनातून थेट वीज बनवणाऱ्या सेलबद्दल, कोणीतरी विचारणारच म्हणून सांगते. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन संरक्षण खात्याने कॅलिफोर्नियात ट्वेंटीनाइन पाम्सला वेअरेबल पॉवर प्राइझची फायनल घेतली होती. अट: सरासरी २० वॅट, ९६ तास, इंधनासकट वजन ४ किलोच्या आत. म्हणजे १९२० वॉट-अवर, किलोला ४८०. बॅटरीने करायचं तर पंधरा किलो लागले असते. तिन्ही बक्षिसं फ्युएल सेलला गेली, पहिलं १० लाख डॉलरचं ड्युपॉन्ट आणि जर्मनीच्या एसएफसी यांच्या मिथेनॉलवाल्या सेलला. आणि तरीही सैनिकांच्या अंगावर सर्रास बॅटरीच दिसते. कारण सेलला हवा आत घ्यावी लागते, धूळ चालत नाही, तो गरम होतो, आत पाणी तयार होतं ते थंडीत गोठतं, आणि मिथेनॉलचा वेगळा पुरवठा उभा करावा लागतो. एक-दोन दिवसाच्या मोहिमेत यंत्राचं वजनच वसूल होत नाही. तुकडीमागे एक, मुक्कामाला बॅटऱ्या चार्ज करायला, असा वापर पटतो. आपल्या अंबरनाथच्या नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीने फ्युएल सेलवर मोठं काम केलंय पण ते पाणबुडीसाठी, तिथे वजनाचं गणितच निराळं. तुम्ही यात पडू नका.

सुरक्षेचं मात्र गंभीरपणे घ्या. छातीवर १५० वॉट-अवर म्हणजे ५४० किलोज्यूल नुसती विजेची ऊर्जा, सेल पेटला तर त्यातलं इलेक्ट्रोलाइट जळतं ते वेगळं. एक सेल गेला तरी शेजारचा जाऊ नये एवढं अंतर आणि मधे अडसर, प्रत्येक सेलला फ्यूज, आणि पॅकचं तोंड, म्हणजे गॅस जिथून बाहेर पडेल ती बाजू, चेहऱ्याकडे किंवा अंगाकडे नको. खिळा ठोकून बघायची टेस्ट हॉस्टेलमध्ये अजिबात करायची नाही, कोणीही कितीही म्हणालं तरी. अशा टेस्ट बंदिस्त चेंबर असलेल्या लॅबमध्येच होतात. तुम्ही शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन, ओव्हरचार्ज कटऑफ आणि तापमानाचा कटऑफ एवढं मोजून दाखवलंत तरी पुरे.

तर तुमच्या जागी मी असते तर जॅकेट सोडून हब केला असता. १५ व्होल्टच्या आसपासची एक बॅटरी, चार आउटपुट, एक इनपुट ज्याला घडीचं सोलर, गाडीचं १२ किंवा २४ व्होल्ट, जे सापडेल ते लावता येईल. आतमध्ये कूलंब काउंटर (बॅटरीत किती चार्ज गेला-आला ते मोजणारी चिप), बाहेर छोटा डिस्प्ले ज्यावर फक्त 'एवढे तास एवढी मिनिटं' दिसेल आणि जो रात्री लांबून दिसणार नाही. न वापरलेला आउटपुट आपोआप बंद. हबचा स्वतःचा खर्च ५० मिलिवॅटच्या खाली आणायचा, हे अवघड आहे पण होतं, मायक्रोकंट्रोलर बहुतेक वेळ झोपलेला ठेवायचा आणि हलक्या लोडवर एफिशियंट राहणारा कन्व्हर्टर निवडायचा, डेटाशीटमधला २ अँपिअरचा ९५ टक्के आकडा बघून नाही, १० मिलिअँपिअरला काय आहे ते बघून. कूलंब काउंटर काही दिवसांनी भरकटतो, त्यामुळे बॅटरी थोडा वेळ विश्रांतीला असताना व्होल्टेजवरून त्याला परत जागेवर आणायचा कोड लिहा. मग डिस्प्ले सांगतो ते तास आणि प्रत्यक्ष गेलेले तास यांचा ग्राफ काढा, खोलीत एकदा आणि डीप फ्रीजरमध्ये एकदा. फ्रीजरमधला ग्राफ वाकडा येईल, तो तसाच दाखवा आणि त्यावर काय सुधारणा केली ते शेजारी ठेवा.

सेल घेताना ऑनलाइन स्वस्तात मिळणारे ५०००-६००० एमएएच लिहिलेले १८६५० घेऊ नका, त्या आकाराच्या सेलमध्ये ३५०० च्या पुढे फार कोणी जात नाही. नामांकित कंपनीचे, एकाच बॅचचे घ्या, आणि पॅक करायच्या आधी प्रत्येकाचा इंटर्नल रेझिस्टन्स मोजून जोड्या लावा. बजेट कमी पडलं तर डिस्प्ले साधा घ्या, पण सेल आणि कनेक्टरवर पैसे वाचवू नका.